अनुभव धागा : ऑपरेशनमधल्या चुका, टळलेल्या आणि भोवलेल्या

१९६३ साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणानंतर नसबंदी केलेल्या बाईच्या पोटात मॉप (रक्त टिपायचा कापडी पॅड) राहिला. दुसऱ्या ऑपरेशनात सापडला, पण ती वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९९६ साली! नेमका कोणाच्या हातून राहिला हे न ठरवताही भरपाई राज्य सरकारवर बसली. अशा चुका कोण अडवतं आणि झाल्यावर घरच्यांनी काय करावं, हे अनुभवी मंडळींनी लिहावं. डॉक्टर-हॉस्पिटलची नावं कृपया नकोत.

निवृत्त ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर, मिरज

मॉपचा गठ्ठा सोडला की दोघी सिस्टरनी मोठ्याने मोजायचा, फळ्यावर लिहायचा. पोट बंद करण्याआधी पुन्हा, कातडी शिवण्याआधी पुन्हा. एकदा रात्रीच्या सिझरला एक कमी भरला. सर्जन म्हणाले, "सिस्टर, आत काही नाही, मी बघितलंय." मी म्हटलं, "सर, काउंट जुळल्याशिवाय सुई देणार नाही." बादली उपसली, ड्रेप (पेशंटवर पसरलेली कापडं) झटकले, ओटी टेबलाखाली पाहिलं. मॉप होता गर्भाशयाच्या मागे, रक्तात भिजून ओळखू न येणारा. पुढे ते सर स्वतःच काउंट विचारू लागले. नवीन मुलींना सांगते, सर चिडले तरी चालतील, आकडा जुळलाच पाहिजे.

भूलतज्ज्ञ, नाशिक

जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनच्या सुरक्षिततेची चेकलिस्ट खरंच वापरा. २००९ मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीही होती. चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पण फॉर्म नंतर एकगठ्ठा भरला तर काही उपयोग नाही. चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून नाव, बाजू, ऑपरेशन बोलायचंच.

वकील, पुणे

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षं. गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात १९९३च्या ऑपरेशनातला गॉज (जाळीदार पट्टी) २००२ साली निघाला. इतकी वर्षं दुखत असूनही त्यांनी सर्जनला कळवलं नव्हतं, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. मला हा निकाल कठोर वाटतो, पण धडा घ्यावाच लागतो. दुखतंय तर लगेच लेखी कळवा.

शिक्षिका, सांगली

धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्यात पित्तनलिका कापली गेली. तिचा नवरा पोलिसांत निघाला होता. वकिलांनी थांबवलं : फौजदारीला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आधी कागद मिळवा. काउंटरवर म्हणे, "बिल भरल्याशिवाय फाइल नाही." आम्ही लेखी अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला. नियमानुसार ७२ तासांत नक्कल द्यावी लागते, तशी मिळाली. ऑपरेशन नोट जेमतेम चार ओळींची! ती दुसऱ्या सर्जनना दाखवली, त्यांनी लेखी मत दिलं, आणि मगच जिल्हा आयोगात तक्रार केली. केस चालू आहे. अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवते.