कंपनीतली बारा वर्षं विद्यापीठाच्या हिशेबात शून्य का?

अर्धवाहक

विद्यापीठातल्या नोकरीच्या मुलाखतीला समोर पाच जण होते. प्रश्न एकानेच विचारला, पण तो पाचही जणांचा होता हे चेहऱ्यांवरून कळत होतं. "तुमचा शेवटचा संशोधन पेपर नऊ वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात काय केलंत?"

मी रंगलेप बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागात बारा वर्षं आहे. सात पेटंटांवर माझं नाव आहे. मी हात लावलेले दोन लेप आज पुलांवर आणि टाक्यांवर चढतात. हे सगळं सांगितलं. माना डोलल्या आणि पुढचा प्रश्न आला, "संशोधनासाठी ग्रांट आणायचा अनुभव?" तिथेच समजलं की निकाल लागला.

पगार बराच कमी होणार हे मला माहीत आहे. तरी जायचंय, कारण एक प्रश्न दोनदा हातातून निसटलाय. दमट हवेत लेप धातूला सोडतो. आधी पाणी शिरतं आणि मग पकड सुटते, की पकड आधीच सैल असते म्हणून पाणी शिरतं? आम्ही दोन्ही वेळा घटक बदलून लेप टिकवला आणि दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "सुटत नाही ना आता? मग पुढे चला." कंपनीच्या जागी ते बरोबरच होते. पण माझी खाज गेली नाही.

माझं मत सरळ आहे. विद्यापीठांनी पेटंट आणि उत्पादन पेपरच्या बरोबरीने मोजावं. पेपरमधला प्रयोग एकदा जमला की भागतं, आमचा हजाराव्या बॅचलाही जमावा लागतो. दोनशे ग्रॅमच्या चंबूत गुण्यागोविंदाने चालणारी अभिक्रिया दोन हजार लिटरच्या भांड्यात उष्णता बाहेर पडायला वाट नाही म्हणून बिथरते. ते का होतं आणि कसं आवरायचं हे समजून घेणं म्हणजे विज्ञान नाही तर काय?

जुनी_खुर्ची

मी अशा निवड समित्यांवर बऱ्याचदा बसलोय, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. असहमत.

पेटंट म्हणजे पेपर नव्हे. तपासनीस बघतो की गोष्ट नवी आहे का, सहज सुचण्यासारखी आहे का आणि उपयोगाची आहे का. ती *का* चालते हे सांगायचं बंधन अर्जदारावर नसतं. उलट वकील दावे इतके ऐसपैस लिहितात की "५ ते ६० टक्के" या पट्ट्यात खरा आकडा कुठे दडलाय ते प्रतिस्पर्ध्याला कळू नये. समितीला तरी मग कसं कळावं? तुम्ही हुशार नाही असं कुणीच म्हणत नाहीये. तुमची हुशारी कुलपात आहे आणि किल्ली कंपनीकडे आहे, एवढंच.

शिवाय आम्ही मागच्या कामाचं बक्षीस द्यायला बसलेलो नसतो. पुढची पाच-सहा वर्षं ही व्यक्ती पैसे आणेल का, विद्यार्थी घडवेल का, शिकवेल का, याचा अंदाज बांधत असतो. ग्रांटचे अर्ज वाचणारेही शेवटी पेपरच बघतात. तुम्हाला नेमलं आणि ग्रांट मिळाली नाही, तर रिकाम्या प्रयोगशाळेत तुम्ही आणि तुमचे विद्यार्थी अडकणार. ही दया नव्हे.

अर्धवाहक

ऐसपैस दाव्यांचं खरंय. पण मग पेपरचंही बोलू. अमेरिकेत पेटंटावर शोधकांची नावं चुकली आणि ती दुरुस्त केली नाहीत, तर पेटंटच रद्द होऊ शकतं. म्हणून आमच्याकडे नेमकं कुणी काय सुचवलं ते वकील बसून तपासतात. पेपरवर विभागप्रमुखांचं नाव कशाच्या जोरावर चढतं ते तुम्हीच सांगा. कुणाचं काम किती, हे ठरवायला पेटंट जास्त प्रामाणिक कागद आहे.

बोलका_अणू

जुनी_खुर्ची यांना इतिहास आठवून देतो. जॉन बार्डीन १९५१ मध्ये बेल लॅब्स ही अमेरिकन टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा सोडून इलिनॉय विद्यापीठात गेले. ट्रान्झिस्टर शोधून झाला होता, तिथले वरिष्ठ शॉकली यांच्याशी पटत नव्हतं. विद्यापीठात त्यांनी अतिवाहकता (अतिथंड धातूत विजेला अडथळाच न उरणं) हा विषय धरला, १९५७ मध्ये कूपर आणि श्रीफर यांच्याबरोबर सिद्धांत मांडला आणि १९७२ मध्ये भौतिकशास्त्राचं *दुसरं* नोबेल घेतलं. भौतिकशास्त्रात दोनदा ते मिळवणारा आजवर दुसरा माणूस नाही. स्टीव्हन चू यांनी लेझरने अणू थंड करायचं काम बेल लॅब्समध्ये केलं आणि १९८७ मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. माहिती सिद्धांताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन बेल लॅब्समधून एमआयटीत गेले. कंपनीतल्या माणसाला दार उघडलं की काय होतं ते दिसतंय ना?

खवचट_पाल

अणूभाऊ, ही उदाहरणं तुमच्याच पायावर पडतायत. बेल लॅब्स ही कंपनी कुठे होती? टेलिफोनच्या मक्तेदारीच्या पैशावर चाललेलं, फी न घेणारं विद्यापीठ होतं ते. तिथले लोक बिनधास्त पेपर छापायचे. शॅनन यांचा १९४८ चा गाजलेला पेपर कंपनीच्याच नियतकालिकात आला. बार्डीन तर युद्धाआधी मिनेसोटा विद्यापीठात शिकवत होते, म्हणजे ते *परत* गेले. १९८४ मध्ये मक्तेदारी फुटली आणि ती चैनही हळूहळू ओसरली.

अर्धवाहक यांचा प्रश्न, नऊ वर्षं एक ओळ छापू न दिलेल्या माणसाचं काय, हा आहे. त्याला शॅनन हे उत्तर नाही.

आणि जायचंच कशाला, हेही कुणी विचारा की. कोइची तानाका जपानच्या शिमाद्झू कंपनीत होते, डॉक्टरेट नव्हती, २००२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते कंपनीतच राहिले. सुखी माणूस.

उलटा_प्रवासी

मी सहा वर्षांपूर्वी हा प्रवास केलाय. तुम्ही सगळे दारावर भांडताय. खरी गंमत दार ओलांडल्यावर आहे.

कंपनीत माझा सगळ्यात मोठा गुण कोणता मानला जायचा? प्रकल्प वेळेत मारणं. तीन महिन्यांत कळलं की यात दम नाही, तर बंद करा, माणसं दुसरीकडे लावा, कुणी वाईट वाटून घेत नाही. मी त्यात तरबेज होतो. विद्यापीठात आल्यावर माझ्या पहिल्या विद्यार्थिनीचा विषय दीड वर्षाने फसतोय असं दिसलं आणि मी सवयीने म्हणालो, "बंद करू." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मग लक्षात आलं की मी प्रकल्प बंद केला नव्हता, तिचं दीड वर्ष बंद केलं होतं. तिला दुसऱ्या प्रकल्पावर "लावता" येत नाही, कारण प्रबंध तिचा आहे. शेवटी आम्ही त्याच फसलेल्या विषयात तो *का* फसला यावर काम केलं. प्रबंध चांगला झाला. मला ते सुचलं नव्हतं, तिला सुचलं.

दुसरी गोष्ट हातांची. कंपनीत नमुना सकाळी विश्लेषण विभागात द्यायचा, संध्याकाळी आलेख हातात. इथे यंत्राची पाळी तीन आठवड्यांनी येते, यंत्र चालवायला विद्यार्थ्याला शिकवावं लागतं, आणि तो तयार झाला की पदवी घेऊन निघून जातो. पहिली दोन वर्षं मी याच्यावर चिडायचो. प्रयोगशाळेचं उत्पादन म्हणजे पेपर, असं धरून चाललो होतो. उत्पादन तोच होता, जो निघून गेला.

स्वातंत्र्य मात्र आहे. प्रश्न माझा असतो. फक्त तो प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी अनोळखी माणसांना नव्याने विकावा लागतो. साहेब एक होता, आता पाच-सहा आहेत आणि त्यांची नावंही कळत नाहीत.

तेव्हा अर्धवाहक, पेटंट मोजा असं म्हणताना तुम्ही समितीकडे चुकीची गोष्ट मागताय. कंपनीत हाताखालच्या किती नवख्यांना तुम्ही शास्त्रज्ञ केलंत, ते मोजा म्हणा.

पाचवं_वर्ष

उलटा_प्रवासी, तुमची विद्यार्थिनी नशीबवान म्हणायची. माझे गाईडही कंपनीतून आलेत. दर सोमवारी प्रगतीचा तक्ता, लाल-पिवळे-हिरवे चौकोन. माझा चौकोन चौदा महिने लाल होता. निसर्गाला तक्ता दाखवला, पण त्याने लक्ष दिलं नाही.

आता खरं सांगते. शेजारच्या प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलत वर्ष घालवतात. आम्हाला सरांनी पहिल्याच महिन्यात प्रयोगांची सांख्यिकी आखणी शिकवली, चार घटक एकदम बदलून कोण कुणावर परिणाम करतो ते काढायचं. वही अशी लिहायला लावली की उद्या मी गायब झाले तरी दुसऱ्याला प्रयोग करता यावा. हे आमच्या विभागात आणखी कुणालाच येत नाही. म्हणून अशा लोकांना घ्या. पण तक्ता दारात काढून ठेवायला सांगा.

बोलका_अणू

खवचट_पाल, बेल लॅब्स सोडतो. इसामु आकासाकी घ्या. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या संशोधन संस्थेत असतानाच निळ्या एलईडीसाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडच्या मागे होते. बहुतेकांनी तो पदार्थ सोडून दिला होता, कारण नीट स्फटिकच बनेना. १९८१ मध्ये ते नागोया विद्यापीठात गेले आणि तोच विषय धरून बसले. हिरोशी आमानो तिथे विद्यार्थी म्हणून आले. १९८६ मध्ये नीलमणीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर चांगला स्फटिक वाढवला. निळ्या एलईडीचं २०१४ चं नोबेल *विद्यार्थ्यासकट* मिळालं. उलटा_प्रवासी म्हणतात तेच.

खवचट_पाल

आणि तेच नोबेल वाटून घेणारे तिसरे गृहस्थ विसरलात. शुजी नाकामुरा, निचिया कंपनी. १९९९ मध्ये नोकरी सोडली, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि कंपनीने गुपितं फोडल्याचा आरोप ठेवून अमेरिकेत खटला भरला. मग त्यांनी जपानमध्ये उलट खटला भरला, शोधाच्या मोबदल्यासाठी. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. अर्धवाहक, दमट हवेतला तुमचा प्रश्न नक्की तुमचाच आहे ना? गोपनीयतेचा करार काढून वाचा आधी. विद्यापीठात जाऊन तोच विषय धरलात, तर पहिलं पत्र ग्रांटचं येईल की वकिलाचं?

जुनी_खुर्ची

हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे, आणि तो खवचट_पाल यांच्याकडून यावा हे दुर्दैव.

नवख्यांना शास्त्रज्ञ केलं ते मोजा, हे मला पटलं. पण तेही कुणीतरी बाहेरच्याने लिहून द्यावं लागेल, आणि कंपनीतली शिफारसपत्रं कशी असतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. "अमुक यांनी तमुक काळात येथे काम केले." एवढंच.

एमआरएनए लशींमागचं संशोधन करणाऱ्या कातालिन कारिको यांचं उदाहरण कुणी तोंडावर मारण्याआधी मीच घेतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकललं, त्या २०१३ मध्ये बायोएनटेक कंपनीत गेल्या, २०२३ मध्ये नोबेल मिळालं. आमची मोजपट्टी आमच्याच घरातल्या माणसालाही चुकते, मान्य. म्हणून ती फेकून तुमची घ्यावी, हे मात्र मान्य नाही.

अर्धवाहक, एक करा. पेटंटचा अर्ज अठरा महिन्यांनी उघड होतोच. जे उघड झालंय, त्याच्यामागचं *का* लिहून काढा. कंपनीने सोडून दिलेल्या घटकांवरचे आकडे कुणाच्या धंद्याच्या आड येत नाहीत. परवानगी मागा. असे दोन पेपर घेऊन आलात, तर त्या खोलीतला पहिलाच प्रश्न वेगळा असेल.

अर्धवाहक

करार काढून वाचला. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं बंधन, आणि विषय "लेप व तत्सम" असा आहे. "तत्सम"मध्ये काय काय येतं ते विचारायला हवं.

पेपरच्या परवानगीसाठी कायदा विभागाला लिहिलं होतं. आज एक पानी फॉर्म आलाय. त्यात एक रकाना आहे, "या प्रकाशनातून कंपनीस होणारा लाभ." चार ओळींची जागा. काय लिहू?

पाचवं_वर्ष

आमच्या ग्रांटच्या अर्जातही हाच रकाना असतो. कंपनीच्या जागी समाज असं लिहिलेलं असतं, आणि जागा अर्धं पान. तुमचं चार ओळींत भागतंय.