उत्तर: उन्हाळी सहल – कपोनचं शिकागो

प्रेषक: अमोल (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शिकागो सहलीत यंदा 'कपोनचं शिकागो' असा एक टप्पा घ्यावा अशी सूचना आली आहे (अल कपोन म्हणजे १९२० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला इथला टोळीप्रमुख). क्लार्क स्ट्रीटवरची, १९२९ च्या टोळीयुद्धातल्या सात खुनांच्या हत्याकांडाची जागा, शेजारचं सिसेरो गाव, जमलं तर एखादा जुना स्पीकईझी, म्हणजे चोरून चालणारा गुत्ता. भारतातून आलेल्या आईबाबांना आवडेल, मुलांनाही. बसमध्ये वीसेक मिनिटं कोणी बोलेल का?

अमोल

प्रेषक: मेधा

अमोल,

मी बोलेन, पण सुरुवात क्लार्क स्ट्रीटपासून नको. बस आधी शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टनला न्या. तिथे फ्रान्सिस विलर्ड यांचं घर आहे. १८७४ साली निघालेली विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन ही बायकांची दारूविरोधी संघटना त्यांनी देशभर वाढवली. नवरा आठवड्याचा पगार गुत्त्यात उडवून घरी येऊन मारतो, बाईला मत नाही, दाद मागायला धड जागा नाही, अशा काळात बायका गुत्त्यांच्या दारात उभ्या राहून प्रार्थना करत होत्या. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या, पुढे विलर्डबाईंशी त्यांचा स्नेह जुळला, त्या या चळवळीत सामील झाल्या आणि अमेरिकेवरच्या आपल्या मराठी पुस्तकात या बायकांच्या संघटनेबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं.

'दारूबंदी म्हणजे मूर्खपणा, आणि त्यातून माफिया' एवढंच मुलांच्या कानावर पडतं, याची मला मनापासून चीड येते. बंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत देशात दारू पिण्याचं प्रमाण खूप घसरलं होतं. यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यूही कमी झाले होते. हेही सांगायला हवं.

मेधा

प्रेषक: दिलीप

मेधा,

रमाबाईंची आठवण काढलीस, फार बरं वाटलं. बायकांचं दुःख खरं होतं, त्यावर माझा वाद नाही. पण टोळ्या कशा वाढल्या हे नीट सांगायचं तर कपोनच्या टोपीपेक्षा कायद्याच्या कलमांकडे बघावं लागेल.

शिकागोत गुंड आधीपासून होते. वेश्यागृहं आणि जुगाराचे अड्डे चालवायचे, आणि वॉर्डातल्या पुढाऱ्याला हप्ता द्यायचे. पुढारी मालक, गुंड त्याचा आश्रित. १७ जानेवारी १९२० ला बंदी लागू झाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हे नातं उलटं झालं. गुंडाच्या हातात इतका पैसा आला की पुढारीच त्याच्या पगारावर गेले. माझ्या मते दारूबंदीने अमेरिकेला दिलेलं सगळ्यात वाईट देणं हे आहे, क्लार्क स्ट्रीटवरचे सात मृतदेह नव्हेत.

व्होल्स्टेड कायद्याने, म्हणजे बंदी राबवणाऱ्या केंद्रीय कायद्याने, पिणं हा गुन्हा ठरवलाच नव्हता. अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्यार्क असलेलं पेय बनवणं, विकणं, वाहून नेणं हे गुन्हे. त्यातही सवलती: डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की, चर्च आणि सिनेगॉगसाठी वाइन, कारखान्यांसाठी औद्योगिक मद्यार्क. प्रत्येक सवलतीला परवाना, आणि परवाना देणारा अधिकारी कमी पगाराचा, राजकीय वशिल्याने लागलेला. जॉर्ज रीमस हा आधी शिकागोत फार्मसिस्ट, मग फौजदारी वकील. त्याने कायदा बारकाईने वाचला आणि ज्याच्या आसपास व्हिस्कीच्या भट्ट्या आणि गोदामं जास्त त्या सिनसिनाटीला मुक्काम हलवला. भट्ट्या विकत घेतल्या, औषध कंपन्या विकत घेतल्या, परवान्यावर माल बाहेर काढला आणि रस्त्यात आपल्याच माणसांकरवी आपलेच ट्रक लुटवले.

शिकागोत मात्र मुख्य धंदा बिअरचा होता, आणि बिअर लपवता येत नाही. जिन न्हाणीघरात बनते. बिअरला अख्खी ब्रुअरी लागते, पिंपं लागतात, ट्रकांचा ताफा लागतो, आणि माल ठरलेल्या दिवशी गुत्त्यावर पोचावा लागतो. त्यामुळे वाटेवरचा प्रत्येक पोलीस, प्रत्येक वॉर्ड, वेळ पडली तर न्यायाधीशसुद्धा बांधून ठेवावा लागतो. कपोनच्या आधीचा टोळीप्रमुख जॉनी टॉरिओ, त्याला हे सगळ्यात आधी उमगलं. त्याचा मालक बिग जिम कोलोसिमो मे १९२० मध्ये स्वतःच्याच कॅफेत मारला गेला, आणि टॉरिओने शहराची वाटणी केली: हा भाग तुझा, तो माझा, एकमेकांच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. काही वर्षं हे चाललं.

मग विल्यम डेव्हर महापौर झाले, १९२३ साली. सचोटीचा माणूस. त्यांनी पोलिसांना खरोखर कामाला लावलं. मे १९२४ मध्ये सीबेन ब्रुअरीवर धाड पडली आणि टॉरिओ सापडला. उत्तर शिकागोतल्या टोळीचा प्रमुख डीन ओबॅनियन याने धाडीची कुणकुण असताना त्या ब्रुअरीतला आपला हिस्सा टॉरिओला विकला होता, असं मानलं जातं. १० नोव्हेंबरला होली नेम कॅथीड्रलसमोरच्या आपल्या फुलांच्या दुकानात ओबॅनियन मारला गेला. जानेवारीत टॉरिओला गोळ्या लागल्या. तो वाचला, पण कारभार २६ वर्षांच्या कपोनच्या हाती देऊन शहर सोडून गेला. प्रामाणिक महापौराच्याच काळात रक्तपात वाढला, हे वाचून मला फार वाईट वाटतं. करार मोडला तर जायला कोर्ट नाही, म्हणून बंदूक. हप्त्यांची घडी विस्कटली की बंदुकीचाच आधार उरायचा.

दिलीप

प्रेषक: शैला

दिलीपभाऊ,

परवान्यांचं वाचून मुंबई आठवली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, तब्येतीसाठी दारू लागते असं डॉक्टरचं पत्र, आणि मग परमिट. महाराष्ट्रातल्या बारच्या पाटीवर अजून 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते तिथूनच. आम्ही लहान असताना धारावी आणि अँटॉप हिलकडच्या हातभट्ट्यांची चर्चा घरोघर असे. वरदराजन मुदलियारचं बस्तान त्याच धंद्यावर बसलं. पुढे राज्याने कायदा सैल केला, पण उभे राहिलेले दादा काही परत हमाली करायला गेले नाहीत.

शैला

प्रेषक: मेधा

शैलामावशी, हे बरोबर आहे. पण चंद्रपूरच्या बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, २०१५ साली बंदी मिळवली, आणि २०२१ साली ती उठवली गेली. त्या बायकांना आपण 'शिकागो बघा' एवढंच सांगणार का?

दिलीपकाका, अमेरिकेतही दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. पॉलिन सेबिन यांनी १९२९ मध्ये बंदी उठवण्यासाठी बायकांची संघटना काढली. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कायद्याची रोज पायमल्ली होते, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि विषाचं विसरू नका. कारखान्यांचा मद्यार्क कोणी पिऊ नये म्हणून सरकारी हुकमाने त्यात मिथेनॉल घातलं जायचं, आणि १९२६-२७ च्या सुमारास त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. पैसेवाल्यांना कॅनडाची व्हिस्की मिळत होती. हे विष गरिबांच्या पोटात गेलं. बसमध्ये मी हे नक्की सांगणार.

एक मुद्दा तुमच्या विरुद्ध: इव्हॅन्स्टन १९३३ नंतरही कोरडंच राहिलं, थेट १९७२ पर्यंत. तिथे कुठे टोळी उभी राहिली?

मेधा

प्रेषक: दिलीप

मेधा,

विषाचं सांगच. मी ते लिहायला हवं होतं त्याहून तू चांगलं लिहिलंस.

इव्हॅन्स्टनचं उत्तर हॉवर्ड स्ट्रीटवर आहे. रस्ता ओलांडला की शिकागो, आणि तिथे १९३३ नंतर कायदेशीर बार. ज्याला प्यायची तो चालत जाऊन पिऊन यायचा, त्याच्यासाठी ट्रक भरून माल आणायचं कोणाला कारण नव्हतं. चंद्रपूरला शेजारच्या जिल्ह्यांतून माल चोरून येत राहिला, कारण तिथे अंतरं मोठी आणि गिऱ्हाईक भरपूर. गावाने स्वतःपुरती केलेली बंदी मला मान्य आहे. पण अख्ख्या देशात एका मध्यरात्री बिअरसुद्धा बंद करून ती राबवायला सुरुवातीला दीडेक हजार केंद्रीय एजंट नेमणं, यात टोळ्यांना आवतणच होतं.

शैलाताईंचं शेवटचं वाक्य इथेही लागू आहे. १९३१ साली टोळीप्रमुख लकी लुचियानोने न्यूयॉर्कमध्ये टोळ्यांच्या प्रमुखांचं 'कमिशन' बसवलं. त्याच ऑक्टोबरमध्ये कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली, तीही प्राप्तिकर बुडवल्याबद्दल. बेकायदा कमाईवरही कर लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ठरवलं होतं म्हणून ते जमलं. क्लार्क स्ट्रीटच्या सात खुनांसाठी कोणालाच शिक्षा झाली नाही. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तेव्हा दारूत कमावलेलं भांडवल, वकील, हिशेबनीस आणि पुढाऱ्यांशी असलेल्या ओळखी घेऊन टोळ्या जुगारात आणि कामगार संघटनांत शिरल्या.

अमोल, क्लार्क स्ट्रीटवरचं गॅरेज १९६७ सालीच पाडलंय, तिथे आता हिरवळीचा तुकडा आहे. पाच मिनिटं पुरेत. बस विलर्डबाईंच्या घरापासून निघू दे, आणि शिकागोत शिरताना हॉवर्ड स्ट्रीटवरूनच आण.

दिलीप