मदत हवी: ॲप म्हणते फवारा, बाबा म्हणतात थांब. कोणाचं ऐकू?

पऱ्हाटीवाला: लवकर सांगा, फवारणीवाला उद्या सकाळीच येणार आहे. कपाशीतल्या कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं गुलाबी बोंडअळीचे नर पतंग ओढणारा सापळा) पतंग कागदावर झटकले, ॲपवर फोटो टाकला. त्यानं 31 मोजले अन् लाल खूण देऊन 'तात्काळ फवारणी करा' दाखवलं. बाबा वावरात चक्कर मारून आले, म्हणतात गरज नाही. त्यांचा जन्म कपाशीत गेला, पण 2017 ला बोंडअळी त्यांनाही वेळेवर समजली नव्हती. असे निर्णय कॉम्प्युटरला माणसाइतके जमतात का?

वणीकर: वाण कोणता, लावण कधीची, फुलं की बोंडं? काहीच लिहिलं नाही भाऊ.

नागपूरचा_कोडर: मशीनचं ऐका. 1997 मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरनं बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं, 2016 मध्ये अल्फागो या प्रोग्रामनं गो या पटावरच्या खेळात ली सेडोलला 4-1 नं. साधी आकडेमोडही तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा सरस ठरू शकते, हे पॉल मील या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलंय. माणूस मागच्या नुकसानीला भिऊन ठरवतो.

काटोलची_काकू: बुद्धिबळात सगळं पटावर दिसते. ही अळी बोंडात शिरली की वरचं छिद्रही बुजते. फोटोत काय दिसणार?

बुद्धिबळवेडा: पटाचा विषय निघाला म्हणून, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकली! आता सगळेच मोठे खेळाडू सराव कॉम्प्युटरच्या बुद्धिबळ इंजिनवर करतात, पटावर मात्र स्वतः ठरवतात.

 

वणीकर: पऱ्हाटीवाले, सापळा शेवटचा रिकामा कधी केला?

पऱ्हाटीवाला: मागच्या बाजाराच्या दिवशी. त्याचा काय संबंध? लावण जूनची, बीटी वाण, बोंडं लागलीत.

वणीकर: सगळा संबंध तिथंच आहे. फवारणीची मर्यादा एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, तेही सलग 3 रात्री. तुझे 31 आठवडाभराचे, ॲपनं एका रात्रीचे धरले. 20 वेगवेगळ्या झाडांवरचं एकेक हिरवं बोंड तोडून फोड. दोनात जिवंत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, मग फवार.

नागपूरचा_कोडर: म्हणजे मशीननं बरोबरच मोजलं. माहिती अर्धी दिली गेली.

काटोलची_काकू: अरे, मोजून झाल्यावर काय विचारायचं हे ज्याला कळते, त्यानंच निर्णय घ्यावा. बाबांनी डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) पाहिल्या असतील, त्यांना विचार.

यवतमाळचा_नंदू: फवारायचंच ठरलं तर त्या माणसाला मास्क, हातमोजे दे. वाऱ्याच्या उलट चालू देऊ नको. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले. ॲप काय म्हणते अन् बाबा काय म्हणतात, पंप त्याच्याच पाठीवर असतो.

पऱ्हाटीवाला: बाबा डोमकळ्याच पाहून आले होते, म्हणतात एखाददुसरीच आहे. आत्ता दोघांनी बोंडं फोडली. विसात एकाच बोंडात अळी, बाकीची सरकी पांढरी-चांगली. उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला. आता सापळा रोज सकाळी रिकामा करून फोटो टाकतो, बोंडं बाबा फोडतील. सापळ्यातली ल्यूर (वासाची गोळी) जुनी झाली असली तर पतंग कमी पडतात ना? ती किती दिवसांनी बदलायची?

वणीकर: पाकिटावर मुदत असते, ती पाहून सांग. अन् सापळे एकरी किती लावलेत, तेही लिही.