मदत हवी आहे: मुख्यमंत्री बदलताना पुढचा नेता कसा ठरला, याच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या मुलांबरोबर यंदा एक प्रकल्प हाती घेतला आहे. महाराष्ट्रात सत्ताधारी पक्षाच्या मुख्यमंत्र्यावर राजीनाम्याचा दबाव आला, तो गेला आणि त्याच पक्षाचा दुसरा आला, तर मधल्या काही दिवसांत नेमकं काय घडतं, हा विषय. राजीनामा का द्यावा लागला हे सगळीकडे वाचायला मिळतं. पुढचा माणूस कोणी आणि कसा ठरवला हे शोधायला गेलं की वाट बंद होते. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

सुरुवात आम्ही काँग्रेसचे तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यापासून केली. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या संस्थेला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध त्यांनी मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी झाला. मधले नऊ दिवस आमच्या वहीत जवळजवळ कोरे आहेत. भोसले अंतुले मंत्रिमंडळात कायदामंत्री होते, स्वातंत्र्यसैनिक तुळशीदास जाधव यांचे जावई होते, एवढं सगळे लिहितात. पण राज्यात मोठमोठे नेते असताना दिल्लीने, म्हणजे काँग्रेसच्या पक्षश्रेष्ठींनी, त्यांनाच का निवडलं? आमदारांना कोणी विचारलं होतं का? पुढे वर्षभरातच त्यांच्याविरुद्ध स्वपक्षातच असंतोष उफाळला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा आले. ज्या आमदारांनी भोसल्यांना नेता म्हणून ‘निवडलं’, त्यांना ते वर्षभरही चालू नयेत, याचा अर्थ मुलांना कसा समजावून सांगू?

१९८६ मध्ये एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणावरून शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले आणि शंकरराव चव्हाण आले. १९९३ मध्ये दंगलींनंतर सुधाकरराव नाईक गेले आणि संरक्षणमंत्रिपद सोडून शरद पवार दिल्लीहून परत आले. या दोन्हींवर बऱ्यापैकी मजकूर मिळाला, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

मला सर्वांत जास्त अडतं ते २००८ पाशी. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर केंद्रात शिवराज पाटील यांनी गृहमंत्रिपद सोडलं, राज्यात आर. आर. पाटील यांनी. मग मुख्यमंत्री विलासराव देशमुखांवरचा दबाव वाढत गेला. ‘ताज’च्या पाहणीच्या वेळी त्यांच्याबरोबर मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते, यावरून लोक किती चिडले होते हे मला स्वतःला चांगलं आठवतं. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत दावेदारांची यादी रोज बदलत होती: सुशीलकुमार शिंदे, नारायण राणे, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण. शेवटी अशोकरावांचं नाव जाहीर झालं, राण्यांनी पक्षनेतृत्वावर उघड टीका केली आणि त्यांचं निलंबन झालं. किती आमदार कोणाच्या बाजूने होते, याचा एकही आकडा जाहीर झालेला आम्हाला सापडत नाही.

वर्गात मुलांनी याची तुलना ब्रिटनशी केली. नोव्हेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी मतदान केलं: थॅचर २०४, हेझेलटाइन १५२. नियमाप्रमाणे पहिल्याच फेरीत जिंकायला नुसती जास्त मतं पुरत नव्हती, ठरावीक आघाडी लागत होती; तिला त्यांची चार मतं कमी पडली. दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली. दुसऱ्या फेरीत जॉन मेजर १८५, हेझेलटाइन १३१, हर्ड ५६. एका मुलीने विचारलं, “मॅडम, आपल्याकडचे आकडे कुठे लिहून ठेवतात?” मी उत्तर देऊ शकले नाही. हा धागा त्या प्रश्नासाठी आहे.

राज्यघटनेचं कलम १६४ मी शिकवते. राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात, सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, हे सगळं त्यात आहे. २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण पंतप्रधान कार्यालयातून थेट मुख्यमंत्रिपदावर आले ते या तरतुदीमुळेच. पण पक्षाने आपला नेता कसा निवडावा यावर घटना काही बोलत नाही. तिथे फक्त ‘एका ओळीचा ठराव’ असतो: नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. लाखभर मतदारांनी निवडून दिलेला आमदार आपला सर्वांत मोठा अधिकार एका ओळीत दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि त्या ओळीची प्रतसुद्धा नागरिकाला पाहायला मिळत नाही. मला हे मनापासून खटकतं. मुलांनाही खटकावं असं वाटतं, पण ऐकीव माहितीवर नको, कागद समोर ठेवून.

तर मदत अशी हवी आहे. अशा ठरावाचा मूळ मजकूर कुठे छापलेला कोणी पाहिला आहे का? विधिमंडळाच्या ग्रंथालयात यातलं काही मिळेल का? जानेवारी १९८२ ची मराठी दैनिकं सलग कुठे पाहता येतील? आणि कोणाच्या घरात तेव्हाचे आमदार असतील आणि त्यांनी त्या बैठकांबद्दल घरी काही सांगितलं असेल, तर ते नाव न देता लिहिलंत तरी चालेल.

प्रतिसाद

मॅडम, विषय छान निवडलात. विधिमंडळ ग्रंथालयात सभागृहाचं कामकाज शब्दशः मिळेल, पण पक्षाची बैठक हे सभागृहाचं कामकाज नव्हे. विधान भवनातच भरली तरी तिची नोंद तिथे नसते. त्यामुळे त्या वाटेवर फार वेळ घालवू नका. तिथून एक मात्र घ्या: नव्या मुख्यमंत्र्यांच्या पहिल्या अधिवेशनातली विरोधकांची भाषणं. बंद दाराआड काय झालं ते विरोधक बरोबर काढतात, आणि ते छापील असतं.

दैनिकांसाठी पुण्यात केसरीवाडा आणि मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे महाविद्यालयाचं पत्र घेऊन चौकशी करा.

आणि आपल्याकडे कधी मतदानच होत नाही असं मुलांच्या मनात राहू देऊ नका. १९७७ च्या लोकसभा पराभवानंतर शंकरराव चव्हाण गेले, तेव्हा वसंतदादा पाटील आणि यशवंतराव मोहिते यांच्यात खरी लढत झाली होती आणि वसंतदादा जिंकले. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न खरं तर तिथून सुरू व्हायला हवा.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं मुंबईत राजकीय वार्तांकन केलं आहे. कागद माझ्याकडे नाहीत, पद्धत सांगतो.

दिल्लीहून पक्षश्रेष्ठींनी पाठवलेले निरीक्षक येतात. आमदारांना एकेकट्याने आत बोलावतात, काही मिनिटांत बाहेर. आत काय सांगितलं ते आमदार बाहेर कॅमेऱ्यासमोर सांगत नाही, आणि आपापल्या नेत्याला वेगवेगळं सांगतो. निरीक्षकांचा अहवाल तोंडी असतो. तुम्ही शोधताय तो आकडा असलाच तर निरीक्षकाच्या डोक्यात किंवा एखाद्या चिठोऱ्यावर. मग ठराव येतो. तो मांडायला किंवा त्याला अनुमोदन द्यायला पुष्कळदा त्यालाच उभं करतात, जो स्वतः गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला असतो. म्हणजे नंतर त्याला तक्रार करता येऊ नये. तुमच्या मुलांना सांगा, प्रत्येक वेळी ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिलं ते बातम्यांतून टिपून घ्या. हरलेल्यांची यादी तिथेच मिळेल.

वर्तमानपत्रातल्या दावेदारांच्या यादीवर जसाच्या तसा विश्वास ठेवू नका. त्यातली काही नावं कापली जावीत म्हणूनच सोडलेली असतात. यादीत कोण आहे यापेक्षा एखादं नाव कोणत्या दिवशी गळलं, ते पाहा. आणि निवड फक्त लोकप्रियतेवर होत नाही. विभाग, जात, मित्रपक्षाला कोण चालेल, आणि दिल्लीला कोण डोईजड होणार नाही, हे सगळं मोजलं जातं. २००४ पाहा. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना आघाडीने निवडणूक जिंकली, तरी विलासराव परत आले आणि शिंदे राज्यपाल म्हणून आंध्रात गेले. त्यांच्यावर कुठला घोटाळ्याचा दबाव नव्हता. हेही प्रकरण तुमच्या प्रकल्पात घ्या, नाहीतर मुलांना वाटेल की फक्त डाग लागला की मुख्यमंत्री बदलतो.

(धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. १९७७ ची लढत मी एका वाक्यात शिकवून पुढे जात असे. आता तिच्यापासूनच सुरुवात करू. ठराव मांडणारा आणि अनुमोदक यांचा तक्ता करायचं काम दोन मुलांनी आजच घेतलं. विरोधकांच्या भाषणांसाठी विधिमंडळ ग्रंथालयाला पत्र लिहिते आहे.

एक प्रश्न राहिला. जानेवारी १९९९ मध्ये पुण्याच्या भूखंड प्रकरणात मनोहर जोशी यांनी राजीनामा दिला तो शिवसेनाप्रमुखांच्या पत्रावरून, आणि १ फेब्रुवारीला नारायण राणे मुख्यमंत्री झाले. तिथे निरीक्षक नव्हते, दिल्ली नव्हती. मग शिवसेनेच्या आमदारांची रीतसर बैठक झाली होती का, आणि राण्यांचं नाव तिथे कोणी मांडलं? भाजप तेव्हा सत्तेत भागीदार होता, त्यांना आधी विचारलं गेलं की नंतर कळवलं? त्या वेळचं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.