महाबळेश्वरचे जुने बंगले: चुनाच हवा, की सिमेंट चालेल?

वाईकर
१८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन इंग्रजांनी माल्कम पेठ, म्हणजे आजचं महाबळेश्वर शहर, वसवली. तेव्हापासूनचे जांभ्याचे (लालसर, सच्छिद्र दगडाचे) बंगले आता होमस्टे म्हणून उघडतायत, हे चांगलंच आहे. पण दुरुस्ती सिमेंटने होतेय आणि ती थांबायला हवी. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा पाणी पितो आणि पुढचे आठ महिने ते बाहेर टाकतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद. मग गिलावा फुगतो, ठोकला तर पोकळ वाजतो आणि भिंतीतली तुळयांची टोकं कुजतात. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा: एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, थर १०-१२ मिमीचे. हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायची पद्धत जुनीच आहे.

मेढेकर
वाईकरदादा, हे करणार कोण? चुना विझवून निदान पंधरा दिवस मुरवायचा, मग प्रत्येक थर सावकाश वाळवायचा. या कामाचा हंगाम दसऱ्यापासून मेपर्यंत, आणि दिवाळी, नाताळ, उन्हाळी सुट्टी हे धंद्याचे दिवसही त्यातच. शिवाय सरकारी भाडेपट्टा संपत आलेला माणूस भिंतीत एवढा पैसा का घालेल? सिमेंटवाला गवंडी आठवड्यात मोकळा होतो.

वाईकर
आठवड्यात मोकळा होतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात परत बोलवावा लागतो. सगळा बंगला एकदम उकरायचाच नाही, दर हंगामाला एक बाजू घ्या. चुन्याला ऊन-वारा लागू नये म्हणून ओलं गोणपाट टांगा, नाहीतर तडे जातात. आणि गिलाव्याआधी छप्पर! पत्र्यांचा एकमेकांवरचा चढाव पुरेसा हवा, पागोळी भिंतीपासून दोन फूट बाहेर पडावी, जोत्याभोवती उताराचा चर असावा. पावसाळ्यापुरत्या गवताच्या ताट्या पश्चिमेच्या भिंतींना बांधणं आजही सगळ्यांत स्वस्त आहे.

कृष्णाकाठची
तुम्ही दोघं भिंतींवर भांडताय, बंगले बिघडतायत न्हाणीघरांनी. चार खोल्यांच्या घराला प्रत्येक खोलीत संडास हवा, म्हणून जांभ्यात खाचा मारून नळ पुरतात. सांधा गळला तर चुना असो की सिमेंट, आतून भिंत सडतेच. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं की सच्छिद्र जमिनीतून झऱ्यांत उतरतं, आणि वेण्णा तलाव तर पिण्याच्या पाण्याचा आहे. २००१ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे तो उगाच नाही. खोल्या वाढवायला परवानगीच नको.

मेढेकर
ताई, खोल्या नाही वाढवल्या तर दुरुस्तीचा खर्च निघणार कसा? न्हाणीघरं मागे वेगळ्या जोत्यावर, सिमेंटमध्ये बांधा आणि नळ भिंतीबाहेरून उघडे न्या. एवढं मला पटतं. पण समोरच्या भिंतीलाही चुन्याची सक्ती केलीत तर निम्मे मालक कुलूपच लावतील.

वाईकर
सक्ती नको, पण सिमेंटचा गिलावा करणाऱ्याला जुन्या बंगल्याची सवलतही नको.