चार्टर स्कूलला मराठीत काय म्हणायचं?

भाऊ न्यू जर्सीत असतो, पुतणीला सप्टेंबरपासून तिथल्या चार्टर स्कूलला घालायचं चाललंय. आई रोज विचारते, ही शाळा सरकारी का खाजगी, फी किती, आणि मला एका शब्दात सांगताच येत नाहीये. स्वायत्त शाळा म्हणावं तर आपल्याकडे स्वायत्त म्हटलं की कॉलेजच डोळ्यासमोर येतं. चांगला शब्द आहे का कुठला?

—

अनुदानित म्हणा की. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी.

—

अनुदानित अर्धाच लागू पडतो हो. आपल्याकडे अनुदानित शाळेत मास्तरांचा पगार सरकार देतं, तिकडे प्रत्येक मुलामागे पैसे मिळतात, म्हणजे पट घटला की शाळेचं सगळं गणितच बिघडतं. आणि मुख्य गोष्ट मुदतीची, ती अनुदानितमध्ये येतच नाही. मी सनदी शाळा म्हणते. वकिलाची सनद गेली की वकिली बंद, अगदी तसंच. मुलं काय शिकतील, निकाल कसे असतील, पैसा कसा वापरणार हे शाळेने लिहून द्यायचं आणि त्यावर ठराविक वर्षांची परवानगी मिळते. १९९१ साली तिकडच्या मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा केला, पुढच्याच वर्षी तिथल्याच सेंट पॉल शहरात पहिली शाळा निघाली. न्यू जर्सीत पहिली सनद ४ वर्षांची, मग ५-५ वर्षांनी नूतनीकरण, ते नाकारलं तर शाळा बंद. इतिहासात कंपनीचे १८१३, १८३३ चे सनदी कायदे शिकलो ना, तीच ही सनद.

—

पण सनदी म्हटलं की आईला कलेक्टर आठवणार!

—

आठवू दे, सनदी लेखापाल पण रुळलाच ना. आईंना सांगा फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, अर्ज जास्त आले तर आरटीईसारखी सोडत निघते, आणि आधीच तिथे शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना बहुतेक ठिकाणी आधी घेतात.

भावाला मात्र एक नक्की सांगा, सनद कधी संपते आणि मागच्या वेळी वाढवून देताना काय अटी घातल्या ते विचारून घे. आम्ही दुसऱ्या राज्यात होतो तेव्हा मुलाला घालताना वर्ग बघितले, शिक्षकांशी बोललो, पण सनदेचं एकच वर्ष उरलंय हे विचारलंच नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली, पोराचे सगळे मित्र एका झटक्यात सुटले, फार रडला तो. बसचं पण विचारा, ती सगळ्याच राज्यांत मिळते असं नाही. मुलाला स्पेशल एज्युकेशन लागत असेल तर ते नाकारता येत नाही, केंद्राचा कायदा आहे, पण शाळा लहान असेल तर थेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस येतो ते स्पष्ट विचारायचं.

—

सनदी शाळा फायनल मग. आणि ऑथरायझरला? 'सनद देणारी यंत्रणा' फार लांबलचक होतंय.

—

सनददाता म्हणून बघा. न्यू जर्सीत ते काम राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडेच असतं, त्यामुळे आईंशी बोलताना नुसतं आयुक्त म्हटलं तरी भागेल.