बनाबाची गावं, खेळ आणि गाणी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्रशांत महासागरातल्या बनाबा बेटाच्या लोकांवर शाळेतल्या मुलांसाठी एक सचित्र भाषण तयार करतेय. १९०० पासून तिथं फॉस्फेटचं खाणकाम चाललं, बेट अक्षरशः पोखरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. तिथंही त्यांनी आपल्या चार गावांची नावं तीच ठेवली: ताब्वेवा, उमा, ताबियांग, बुआकोनिकाई. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जमीन गेली तरी पत्ता त्यांनी सोडला नाही. (आपल्याकडच्या धरणग्रस्त गावांनीही हेच केलंय.)

आता नेमकी मदत हवी आहे ती खेळ आणि संगीताबद्दल. बनाबात फ्रिगेट पक्षी (मोठे समुद्रपक्षी) दोरीला वजन बांधून पकडायचे आणि माणसाळवायचे, हा पुरुषांचा मानाचा खेळ होता. त्याचे जुने फोटो कुठे बघायला मिळतील? आणि राबीवरचे नर्तक-गायक विस्थापनाचा इतिहास नाचातून सादर करतात, त्याचं चांगलं ध्वनिमुद्रण कुणाकडे आहे का? फिजीत राहिलेलं किंवा तिथं नातेवाईक असलेलं कुणी असेल तर कृपया नक्की सांगा. गायकांची, वादकांची नावं मिळाली तर मुलांना ती आवर्जून सांगायची आहेत.